सतरा नंबरची खुर्ची

गुदैबियात, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
आमचा वर्ग भरायचा. सोमवार, बुधवार, साडेसात ते दहा.
खालून इस्त्रीची वाफ यायची,
एसीचं पाणी टपटपायचं बादलीत,
आणि मिस रोवेना फळ्यावर लिहायच्या :
कार्यक्रम म्हणजे काय?

नऊ महिन्यांचा डिप्लोमा. फी तीन हप्त्यांत.
दुसरा हप्ता मी बांगडी मोडून भरला;
त्याला फॉर्मात रकाना नव्हता.

दापोलीहून अम्मा फोनवर म्हणाली,
"आता ह्याचीपण शाळा असते?
तुझ्या मामूने वलीम्याला आठशे माणूस जेवून उठवलं,
कानावर पेन्सिल नि हातात एक वही."
खरंच होतं.
पण मामूकडे कुणी मागितला नव्हता
तंबूच्या कापडाचा आग न लागण्याचा दाखला,
आणि लग्न मोडलं तर कुणी कुणाचे किती पैसे
किती दिवसांत परत करायचे, ते कलम.
मामूची वही वाळवीने खाल्ली.
माझी एक्सेलमध्ये आहे. तीन ठिकाणी.

दिवसा मी सित्र्याच्या गोदामात पावत्या फाडायचे.
तिथे बीरान. मलप्पुरमचा. सव्वीस वर्षं
दोन हजार चारशे सोनेरी खुर्च्या मोजणारा.
त्याला फळा लागत नसे.
"थप्पी दहाचीच. अकरावी दिसली की समज, कुणीतरी थापा मारतोय."
"गालिचा शेवटी पसरायचा, सगळ्यात आधी उचलायचा."
"कुणी 'पाचच मिनिटं' म्हणालं
की वायरमनला जेवायला पाठवून दे."

पुस्तकात शमाल वाऱ्यापुढे छापलं होतं : धोका, मध्यम.
बीरान समोरच्या शीतगृहावरचा झेंडा बघायचा
आणि वाऱ्याकडच्या कनाती सोडवायला लावायचा,
आभाळ निळंशार असताना.
मी ते परीक्षेत जसंच्या तसं लिहिलं.
दोन गुण गेले. संदर्भ दिला नव्हता.

प्रात्यक्षिक म्हणजे आमचाच पदवीदान सोहळा.
चिठ्ठ्या टाकल्या. मला मंचामागची बाजू आली.
कानात वायरलेस, हातात कागद,
एकेचाळीस नावं, दर नावाला सात सेकंद.
निवेदकाला मी उच्चार लिहून दिले,
विक्रमसिंघेचा घे कुठे टेकवायचा,
अब्बासचा ऐन घशात किती खोल आहे.
माझ्या नावापुढे काही लिहायचं राहिलं.

मिस रोवेनांचा नियम :
पुढच्या तीन रांगांत रिकामी खुर्ची दिसता कामा नये.
सतरा नंबर रिकामी होती. ती माझी.
दाराशी केबलवर चिकटपट्टी दाबत बीरान बसला होता.
"मी? हे कपडे बघ."
"फोटोत डोकीच येतात," मी म्हटलं.
तो कडेवर टेकला,
जणू खुर्ची ओल्या रंगाची होती.

"हुमैरा दालवी."
ळ त्याला जमला नाही. कसा जमणार?
पडद्यापलीकडे टाळ्या वाजल्या, नेहमीएवढ्याच.
कानात कुणीतरी ओरडलं : सतरा कुठाय, सतरा?
मी बटण दाबलं.
"मंचामागे. अठरा सोडा."
हे म्हणायला मला दोन सेकंद जास्त लागले.
सोहळा तेवढाच उशिरा संपला.

रात्री एक वाजता ट्रकपाशी मोजणी.
तीस थप्प्या. शेवटचीत नऊ.
दोनदा मोजलं. नऊच.
हॉलमध्ये परत गेले. दिवे उतरवलेले,
गालिचा केव्हाच गुंडाळलेला,
उघड्या फरशीवर एकटी एक खुर्ची
आणि तिच्यात पाठ पूर्ण टेकून, बूट काढून, बीरान.
"एक कमी भरतेय," मी म्हटलं.
"माहितेय," तो डोळे न उघडता म्हणाला. "पाचच मिनिटं."

मी वायरमनला जेवायला पाठवलं.