महिरपी कंस

लॅपटॉप जनावरांच्या दवाखान्याचा, चार्जिंग एकोणतीस टक्के.
आत एकशे बेचाळीस बिल्ले, पिवळे, बारा आकडी,
एका कानाला एक.
लाळ्या-खुरकुताची लस कुणाला टोचली, कोण राहिलं,
ते रात्रीतून नागभीडला पाठवायचं.
म्हणून मी आखरावर, पळसाखालच्या दगडावर.

सहावीत धोटेबाई संच शिकवायच्या.
फळ्यावर दोन महिरपी कंस काढायच्या, इतके वळणदार
की मधून वरात जावी.
आत लिहायच्या : बोर, मोह, टेंभरं, बोर.
मग दुसरं बोर पदराच्या टोकानं पुसायच्या.
"दोनदा म्हटलं तरी बोर एकच.
आणि आधी कोण, मागून कोण, हे संचाला विचारायचं नाही."
मागच्या बाकावरून दसरू ओरडला,
"मंग त आपून बी संचच, बाई! आपली रांगच लागत नाई!"
बाई हसल्या नाहीत. "हो," म्हणाल्या.

आता तेच मी यंत्राला सांगते, दोन ओळींत :
या संचातल्या प्रत्येक जनावरासाठी
(खालची ओळ जराशी आत सरकवून)
बिल्ला दाखव, टोचलं का ते विचार.

काल ते भुरीपासून निघालं,
आज मेश्रामांच्या खोंडापासून.
का, ते त्याचं त्याला ठाऊक.
एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही.
गावातली बायामाणसंसुद्धा मला इतकी नीट
कधी एकेकदा भेटली नाहीत.

डोमाकाका नेहारे गावाची ढोरं राखतात,
जनावरामागं वर्षाला पायलीभर धान.
मी एकदा विचारलं, "काका, संध्याकाळी मोजता कसे?"
"मोजाचं कायले?
ढोरं आपापल्या घरी जातेत.
ज्या बाईच्या हातात कोंड्याचं टोपलं तसंच राह्यलं,
तिचं आलं नाई."

आज रुखमाबाई शेंडेंच्या हातात राहिलं.

बाकीची आली, धुरळा खाली बसला,
मी एकेका बिल्ल्यावर हो-नाही दाबत सत्त्याऐंशीपर्यंत पोचले
आणि नाल्याकडून काका आले.
खांद्यावर ओलं काहीतरी, चार पाय छातीवर लोंबणारे,
मागून चांद्री, हंबरत, त्याचं शेपूट चाटायला मान ताणत.
"काटोलीच्या झुडपात व्याली," काका म्हणाले,
"मी बसून राह्यलो. घाई कशाची करता?"

मला घाई होती.
फेरा अर्ध्यात असताना मी वासराची नोंद घुसवली
आणि यंत्र थांबलं. लाल अक्षरांत म्हणालं :
फिरता फिरता संच बदलला.

खरं होतं. बदलला होता.

कॉलेजात सरांनी यावर तोड सांगितली होती :
आधी संचाची नक्कल काढ, फीर नकलेवरून,
भर घालायची ती मुळात घाल.
तसं केलं. पुन्हा पहिल्यापासून, या खेपेला
चांद्रीच पहिली आली. ती खरोखरची
माझ्या पाठीमागं उभी होती, श्वास लागत होता मानेला.
चालला कार्यक्रम.

पण वासराला बिल्ला नाही.
लस चार महिन्यांनी, कान टोचणं तेव्हाच.
बारा आकड्यांशिवाय नोंद पुढं जात नाही,
शून्य टाकून पाहिलं, तेही घेत नाही.
शेवटी ती खोडली. नागभीडला गेले
एकशे बेचाळीस.

रुखमाबाई टोपलं घेऊन आखरावरच आल्या.
"एक गेलती," त्या मला म्हणाल्या, जणू मी पावती देणार होते,
"दोन आल्या. लिहिलं का, बाई?"
मी मान हलवली. कशीही वाचता येईल अशी.

अंधारात पडद्याच्या उजेडापुरती जागा दिसत होती.
तिथं वासरू उठलं. पडलं.
ढोपरावर उठलं, मागचे पाय फाकले, पडलं.
उठलं.
चार्जिंग सहा टक्के. कुणीच घरी जाईना.