सातवा नग

उद्यमबाग, रात्रपाळी.
एम चोवीस, पिच तीन.
सहा नगांवर गेज सरसर चढला,
सातव्यावर अडला.
आट्याशेजारी आणखी एक आटा,
केसाएवढा, चोरटा.

मष्णूनं इन्सर्ट बदललं,
स्पीड साडेसहाशेवरून चारशेवर आणला,
प्रोग्रॅमला शिवी हासडली.
प्रोग्रॅम सरळ होता बिचारा.

मग यमनाप्पानं मागचं झाकण काढून
आत टॉर्च धरली:
"हल्ल होग्याव री."
एन्कोडरचा पट्टा,
तीन दात पडलेला.

स्पिंडल कुठवर फिरला
मशीनला नीट कळतच नव्हतं;
दर फेरीला टूल उतरायचं
जवळपास त्याच जागी.
जवळपास.

पट्टा आता सकाळी, दुकान उघडल्यावर.
तोवर मष्णू सातवा नग
अंगठ्याखाली फिरवत बसलाय.
आंधळ्यालाबी कळंल की, म्हणतो,
आणि मी
पडद्याकडं बघत हुतो.