काच पुसणारी

पंचविसावं वर्ष, म्हणून दारात टेबल मांडलंय.
कोऱ्या चिठ्ठ्या, सुतळीला बांधलेली पेन्सिल,
आणि सार्डिनचा एक मोठा रिकामा डबा.
त्यात टाका म्हणे, या गॅलरीची तुमची एक आठवण.

सेतुबालची माणसं लिहायला लागली की थांबत नाहीत.
झेफेरीनो लिहितो, उद्घाटनाच्या रात्री वीज गेली
तेव्हा त्यानं मासळीची गाडी दाराशी तोंड करून उभी केली
आणि तिच्या दिव्यांत अख्खं प्रदर्शन दाखवलं गावाला.
(गाडी त्याच्या मेव्हण्याची. बॅटरी उतरली,
पहाटे आम्ही सातजणांनी ती चढावर ढकलली.
सातातले तीन आता नाहीत.)
कुणी लिहितं, पावसासाठी आत शिरलो, लग्न करून बाहेर पडलो.
एका पोरानं लिहिलंय, इथे बिस्किटं फुकट असतात.

कुश्तोदियुसाहेब म्हणाले, देओलिंदा, तू का नाही लिहीत?
म्हटलं, माझे हात ओले आहेत.

पंचवीस वर्षं मी काचा पुसते.
फोटो नव्हे, काचा.
पाण्यात थोडा व्हिनेगर, मग जुनं वर्तमानपत्र.
लोक फोटो बघून जातात,
मी बघते ते काचेवर ठेवून गेलेलं:
नाकं, बोटं, एकदा एक अख्खं कपाळ.
बेकरीवाल्याच्या नातवाचं नाक
माझ्या कमरेपासून खांद्यापर्यंत
चढत गेलेलं मी पाहिलंय.
बक्षीस मिळालेला तो धुक्यातला पूल,
त्याची काच वर्षभर कोरी.
त्याला मी फडकं नुसतं दाखवते.

आणि आतल्या भिंतीवर, खिडकीपाशी,
कारखान्याच्या फाटकातून रात्री धावत शिरणाऱ्या बायका.
बोटी आल्या की भोंगा व्हायचा, वेळ-अवेळ नव्हती.
प्रत्येक कारखान्याचा भोंगा निराळा;
पाळण्यातल्या पोरालाही कळायचं
आपली आई कुठल्या भोंग्याला उठते.

त्या फोटोत डावीकडून दुसरी, ॲप्रनची गाठ मारता मारता
तोंड अर्धं वळवलेली.
तिच्यावर दर गुरुवारी एक अंगठा.
रुंद, थोडा तिरका, मधोमध आडवी रेघ.
पत्र्यानं कापल्याची रेघ
आमच्याकडे बायकांच्या सहीसारखी.
अकरा वर्षं मी तो पुसला, कुणाचा ते न कळता.
मग एकदा मासळीबाजारात
एर्मीनियानं सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले
आणि मी तो अंगठा ओळखला.
फोटोतली ती स्वतः, की बहीण, की आई,
मी विचारलं नाही.
म्हटलं, आज बांगडा ताजा दिसतोय.
ती म्हणाली, आहेच.

यंदा फेब्रुवारीत एक गुरुवार तसाच गेला.
मग दुसरा.
चर्चच्या दारावर तिच्या नावाचा कागद लागला
त्या दिवशी मी सगळ्या काचा पुसल्या,
त्या एका काचेच्या मात्र फक्त कडा.

आज महापौर आले, केक आला,
लांब टोपीवाला बँडही आला कुठूनसा.
फोटो काढायचा तर त्याच भिंतीपुढे.
साहेब पुढे झाले, डोळे बारीक केले,
देओलिंदा, इथे डाग राहिलाय.
आणि स्वतःची बाही ओढून घेतली मुठीत.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा
मी साहेबांचं मनगट धरलं.
सगळ्यांदेखत.

आहे, म्हटलं.
राहू दे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशात चष्मा शोधला,
सापडला नाही, तसेच वाकले,
आणखी वाकले,
बँड थांबला, केकवरची मेणबत्ती कुणी तरी उगाच विझवली,
इतके जवळ गेले की नाक टेकलं काचेला.
बराच वेळ ते तसेच.

शेवटी महापौरांना धुक्यातल्या पुलापुढे उभं केलं.

रात्री सगळे गेल्यावर बादली भरली.
अंगठ्याला हात लावला नाही.
त्याच्याशेजारी, बोटभर खाली,
साहेबांच्या नाकाचा गोल, तेलकट ठसा.

तो उद्या पुसेन.