वळसा

दुकानात तराजू होता, आजही आहे,
पण वेखंडाचं माप वडील कधी तराजूवर सांगत नसत.
"तान्ह्याला एक वळसा. दात दिसले की दोन."
सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब,
आणि मूळ एकदा गोल फिरवायचं.
कुणाचा हात किती जड,
कुणाची सहाण किती खरबरीत,
हे त्या मापात धरलेलं नव्हतं.

बैलहोंगलकडचं गिऱ्हाईक 'बजे' मागतं,
जांबोटीकडचं 'वेखंड'.
माझा हात एकाच डब्यात जातो.
डब्यावर दोन्ही लिप्यांत नाव आहे,
कन्नड वडिलांच्या हातचं, जरा चुकलेलं.
झाकण काढलं की ओल्या चिखलाचा वास,
त्यात थोडा कापूर,
थोडी ट्रंकेत ठेवलेली लोकरीची टोपी.
बोळाच्या तोंडापर्यंत जातो.
खडेबाजारात आमचं दुकान
नाकानंच शोधतात लोक.

मणी मीच करून द्यायचो.
अडकित्त्यानं चकत्या, दाभणानं भोक, काळा दोरा.
बाराव्याला बाळाच्या मनगटात.
सात मण्यांचे पंधरा रुपये.

पारवाडची मल्लवा आली ती आठ दिवसांनी.
कापलेला दोरा गल्ल्यावर ठेवला.
मणी कडेनं मऊ पडलेले, पांढरट,
चोखून चोखून.
"उलट्या थांबेनात की. रात्रभर.
डोळे खोल गेले रवळूचे.
शेवटी सिव्हिलात नेलं.
तिथल्या डॉक्टरीणबाईनं, बघा,
पोट बघायच्या आधी मनगट हुंगलं.
दोरा कापून सोडली.
सकाळी दूध राहिलं पोटात."
मग पदरानं गल्ल्यावरची धूळ पुसल्यासारखं केलं
आणि म्हणाली,
"तुमास्नी सांगावं म्हटलं."

भांडायला आली नव्हती.
पाऊण किलो धणे घेऊन गेली,
पैसेही दिले.

त्या रात्री फळ्या लावल्या आणि आतच बसून राहिलो.
मूल ओकलं की दृष्ट म्हणायचे.
दृष्टीवर काय, तर वेखंड.
त्यानं परत ओकलं,
की दृष्ट मोठी आहे म्हणायचे,
आणि सहाणेवर आणखी एक वळसा.
वडील खोटं बोलणारे नव्हते.
किती घरांत किती वळसे,
याची वही मात्र कुणीच ठेवली नव्हती.

आता देतो, विचारून देतो.
शालींत, पुस्तकांत ठेवायला? घ्या.
म्हातारीच्या गुडघ्याला लेप? घ्या, कातडी लाल झाली तर धुवा.
बाळाच्या पोटात नाही, मनगटात नाही.
पोटुशी असेल तिला तर नाहीच.
"तुमचे वडील द्यायचे की," म्हणतात.
"द्यायचे," म्हणतो मी.
काहीजण पुढच्या दुकानात जातात.
तिथे मणी मिळतात, वीस रुपयांना.

डब्यावर नवा कागद चिकटवला आहे,
'बाळाला नको', दोन्ही लिप्यांत.
कन्नड ओळ शेजारच्या चन्नाप्पा टेलरला दाखवली.
त्यानं चष्मा वर करून वाचली,
एक मात्रा दुरुस्त केली,
म्हणाला, "इथं चुकून चालणार नाही."
मात्रा म्हणजे त्याला अक्षराचीच म्हणायची होती.

मल्लवाचे सात मणी गल्ल्यात आहेत अजून,
सुट्ट्या नाण्यांच्या खणात.
उरलेले दोन-पाच रुपये हातात घेताना
एखादं गिऱ्हाईक ते नाकाशी नेतं
आणि माझ्याकडे बघतं.