रुमालाखाली

वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते.
सांगलीच्या यार्डात सौदा निघाला
की अडत्या आणि खरेदीदार
एकाच रुमालाखाली हात घालायचे,
बोटं दाबायचे, भाव ठरायचा.
बघणाऱ्याला दिसायचं फक्त कापड, हलणारं.
मी पोत्यावर बसून विचारायची, किती बोटं?
वडील म्हणायचे, ज्याची दाबली त्यालाच ठाऊक.

बाहुबली सत्तावीसचा झाला
आणि त्याचं कपाळ मागं सरकायला लागलं.
आधी दोन्ही कोपरे,
मग टाळूवर रुपयाएवढी जागा,
मग रुपयाची ताटली.
काका म्हणाले, आला, मगदुमांचा शिक्का आला!
आजोबांच्या तसबिरीखाली उभं करून त्याचा फोटो काढला.
लग्नात फेट्यावरून विनोद झाले,
दोन तर त्यानं स्वतःच केले.

माझ्यावर कुणी विनोद केला नाही.
माझा भांग रुंद होत गेला तेव्हा
समोरच्या बाईची नजर वर जायची,
अडखळायची,
आणि कानातल्यांवर उतरायची.
नवीन का गं?

मी दोष दिला
बोअरच्या खारट पाण्याला,
बाळंतपणाला, हेल्मेटला,
विश्रामबागेतल्या त्या पार्लरवालीला.
सासूबाईंनी माका-ब्राह्मी कढवून बाटली भरून दिली,
वर म्हणाल्या, आमच्यात कुणाला नाही हो असं.
मोरीच्या जाळीवरचं भेंडोळं
मी कागदात गुंडाळून
बादलीच्या तळाशी, भाजीच्या देठांखाली ढकलायची,
चोरीचा माल असावा तसं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी डोक्यावर भिंग टेकवलं.
पडद्यावर हळद काढून नेलेलं रान:
एक केस जाड, शेजारी एक बारीक,
त्याच्या शेजारी नुसती लव.
केस एकदम जात नाहीत, त्या म्हणाल्या,
दर खेपेला थोडा बारीक उगवतो, थोडा आखूड,
मुळाची वाटीच लहान होत जाते.
पुरुषांचं कपाळापासून, बायकांचं भांगापासून.
पुरुषांत हार्मोनचा हात स्पष्ट दिसतो,
बायकांत तितका नाही.
आईकडून आलं की वडलांकडून?
दोन्हीकडून. कुणाकडून किती, ते कुणी सांगू शकत नाही.

मला रुमाल दिसला.

थेंब लिहून दिले, रोज लावायचे.
थांबलात तर पुन्हा गळतील, म्हणाल्या.
हप्ता चुकवू नका म्हणतात तशा आवाजात.

मग आईचा उजवा हात मोडला.
तिला न्हाऊ घालायला मी गेले.
डोक्यावरचा पदर
मी कधी ढळलेला पाहिला नव्हता,
वडलांच्या दहाव्यालासुद्धा नाही.
तो मी काढून खुंटीला लावला.
खाली माझाच भांग होता,
तीस वर्षं पुढं गेलेला.

कधीपासून?
तुझ्याएवढी होते.
सांगायचंस की.
काय सांगायचं, ती म्हणाली,
ताईनं दीक्षा घेतली तेव्हा
राखेत बोटं बुडवून स्वतःचे केस उपटले,
सगळं दिग्रज रडलं.
माझे आपसूक गेले, त्याला कोण रडतंय?
पाणी कढत आहे, विसण घाल.

मी विसण घातलं.
तिच्या टाळूवर साबण फार थोडा लागला.
माझी बोटं तिथं कितीतरी वेळ फिरत राहिली,
ती काही बोलली नाही.

ऋजुता अकरा वर्षांची आहे.
वेणी एका मुठीत मावत नाही,
रबर तीन वेढ्यांत तुटतं.
शाळेच्या आधी तिला खिडकीशी बसवते,
भांग पाडते,
आणि उजेडाकडे तिचं डोकं थोडं वाकवते.
आई, काय बघतेस रोज?
उवा, मी म्हणते.