खाते पूर्ववत सुरू करणेबाबत

लाखांदूरला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
उत्पन्नाचा दाखला, बोडीची दुरुस्ती,
वडिलांच्या नावातला काना चुकल्याचं प्रतिज्ञापत्र,
सगळ्यांचं पहिलं अक्षर माझ्या कीबोर्डवर पडतं.
हा विषय मात्र नवा होता.

खुशाल कापगते. राईस मिलमध्ये रात्रपाळीला
काट्यावर बसतो. केसांत कोंडा, मुठीत फोन.
म्हणाला, लिवा न ताई,
मी कायी चोरलो नाही.
मी म्हटलं, असं लिहीत नाहीत. आधी विषय लागतो.

दोन वर्षं हलरच्या आवाजात
तो नाणी घेत होता, न वाजणारी.
शंभराची, कधी दोनशेची.
मग नियम आला. नफ्यातले तीस टक्के सरकारचे,
तोटा ज्याचा त्याचा,
आणि प्रत्येक विक्रीला एक टक्का आधीच कापून.
मिलमध्ये बी काटतेत ओलाव्याचं, तो म्हणाला,
पण तिथं धान तरी ओला रायते.

मग एका सकाळी ॲप उघडेना.
पांढरा पडदा. आदेशान्वये, अशी एक ओळ.
नाणी आत, हा बाहेर.

दुसरीकडे थोडी होती, ती त्यानं
न पाहिलेल्या माणसाला विकली.
चार हजार दोनशे बारा रुपये आले
आणि तेराव्या दिवशी अख्खं खातं गोठलं,
मिलच्या पगारासकट, बहिणीच्या नर्सिंगच्या फीसकट.
त्या माणसाच्या पैशाला कुठलासा डाग होता म्हणे.
कुठला, ते पत्रात होतं. पत्र कानडीत.
आम्ही दोघांनी ते उजेडात धरून पाहिलं.
अक्षरं गोल, भिजवलेल्या तांदळासारखी फुगलेली.

नाव. वय चोवीस. व्यवसाय?
व्यापारी लिवता का, त्यानं विचारलं,
आणि माझी बोटं थांबली.
आमच्याकडे व्यापारी म्हणजे
कट्ट्यात हात घालून एक दाणा
दाताखाली फोडणारा, आणि भाव सांगताना
तुमच्याकडे न पाहणारा.
याच्या दाताखाली काय होतं?

बँकेचा साहेब त्याला म्हणाला होता,
माल दाखव. गोदाम कुठं?
यानं फोन पुढे केला.
हे तर नुसते आकडे.
खुशाल म्हणाला, साहेब, तुमच्याकडं तरी काय हाय?
त्या दिवसापासून वॉचमन त्याला
आत सोडत नाही.

असे माझ्याकडे चारजण येऊन गेले.
टेंभुर्णेचा गोवर्धन, मोबाईल दुरुस्तीवाला.
जिल्हा परिषदेचे एक गुरुजी
अंधार पडल्यावर येतात, मित्रासाठी विचारतात,
मित्राचा पॅन नंबर त्यांना पाठ आहे.

सरकार चुकलं असं मी म्हणत नाही.
तीन वर्षांपूर्वी बचत गटाचे पैसे
दुप्पट करतो म्हणून एकजण घेऊन गेला,
तेव्हा छत्तीस बायांच्या सह्यांचा अर्ज
मीच टाइप केला होता:
विषय, अशा योजनांवर तात्काळ बंदी घालणेबाबत.
बंदी आली. कुणासाठी मागितली होती
आणि कुणाच्या दारात येऊन बसली,
हे अर्जात लिहायला रकाना नसतो.

व्यवसायासमोर शेवटी मी लिहिलं: काटा.
खुशाल म्हणाला, चालते.

प्रिंट, तीन झेरॉक्स, अठरा रुपये.
त्यानं सवयीनं माझ्या क्यूआरसमोर फोन धरला,
मग आठवलं.
तेवढ्यात फोन थरथरला, त्यानं पाहिलं
आणि हसायलाच लागला, एकटाच,
भिंतीला टेकून.
आत अडकलेल्या नाण्यांचा भाव
सकाळपासून सात टक्के चढला होता.

वहीत लिवा ताई, तो म्हणाला.
अठरा.