ग्दान्स्कच्या धक्क्यावर, मान वर करून

बोझेना वर चढते तेव्हा उजाडलेलं नसतं.
एकशे ब्याऐंशी पायऱ्या, थर्मासमध्ये बीटचं सार,
वर काचेची खोली, एकाच बाजूने तापणारा हीटर.
खाली आम्ही, एका जहाजाचा पंखा बदलायला जमलेले,
नाकातोंडातून वाफा सोडत.

येरानोस तयार आहे का, स्तामातिस विचारतो,
पिरेअसचा, कायम घोड्यावर बसून आलेला.
फ्रिसलंडचा श्यूर्ड म्हणतो, क्रान,
आणि स्वतःशीच हसतो. त्याच्या घरी नळालाही क्रानच म्हणतात,
मागच्या हिवाळ्यापासून गळतोय तो.
ब्र्नोचा वेल्डर क्व्येतोस्लाव म्हणतो, येर्झाब,
आणि त्याच्या शब्दाला लाल फळं लगडतात:
त्याच नावाचं झाड आहे त्यांच्याकडे, रस्त्याकडेला.
विमा कंपनीची ओदिल दोन तास ताटकळते आहे;
म्हणते, असं तिष्ठत राहण्याला आमच्याकडे
याच पाखराचा पाय म्हणतात.
ग्र्यु म्हणजे आणखीही काही.
ते ती सांगत नाही.

कुणीतरी, कधीतरी,
एक लांबलचक वासा पाण्यावर झुकताना पाहिला
आणि त्याला आठवला
पाणथळीत वाकून बेडूक उचलणारा पक्षी.
करकोचा म्हणा, क्रौंच म्हणा.
बाकीच्यांनी त्याचंच उचललं असेल.
शब्दही बंदरात उतरतात,
जकात न भरता.

जेवणाच्या सुट्टीत बोझेना मला जुना झुराफ दाखवते,
मोत्वावाच्या काठावरचा, काळ्या लाकडाचा,
एकदा जळून पुन्हा उभा केलेला.
पोटात चाकं, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी.
चाकांच्या आत माणसं चालायची,
घाण्याच्या बैलासारखी, पण चढावर.
दिवसभर चढायचं, पोचायचं कुठेच नाही,
वर जायचं ते दारूचं पिंप, नाहीतर डोलकाठी.

त्यांना काय म्हणायचे, मी विचारलं.
झुराफ, ती म्हणाली.
यंत्राला नाही गं, चालणाऱ्यांना.
तिने सफरचंद चाकूने अर्धं केलं,
मोठा तुकडा मला दिला.

म्हणजे मान मिळाला तो मानेला.
पायांसाठी आम्हा पाचजणांच्या पाच भाषांत
धड एक शब्द निघेना.

दुपारी तीनला, नऊ टनांचा पंखा अधांतरी असताना
ते आले.
उत्तरेकडून, मोडकी रेघ धरून, खूप उंचावरून,
दार करकरावं तसे ओरडत.
पंखा थांबला.
रेडिओवर मुकादम झेनोन शिव्या देऊ लागला,
त्याला वर बघायला सवड नव्हती.
बोझेनाचा आवाज आला, शांत, खरखरीत:
"थांबा जरा. घरचे चाललेत."

नऊ टन पितळ हळूहळू गोल फिरत राहिलं,
आणि आम्ही सगळे, स्तामातिससुद्धा,
माना वर करून उभे.
बाहेरून कुणी पाहिलं असतं
तर आम्हालाही त्याच नावाने हाक मारली असती.

संध्याकाळी ती खाली उतरली, गुडघे चोळत.
तुमच्याकडे काय म्हणतात याला?
यारी, मी म्हणाले.
म्हणजे कुठला पक्षी?
पक्षी नाही. दोस्ती.
कोशात दोन शेजारच्या नोंदी असतील त्या,
भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या,
एकमेकींची ओळखही नसेल.
पण मला कायम वाटत आलंय,
पहिल्यांदा कुणाला तरी ओझं एकट्याने उचलेना,
आणि त्याने हाक मारली.

बोझेनाने शब्द दोनदा म्हणून पाहिला,
र थोडा जास्तच घोळवत.
मग म्हणाली, चाकात कमीत कमी दोघं तरी असायचे.

श्यूर्ड दुकान बंद व्हायच्या आत
नळाचा वायसर आणायला पळाला.